निघून जाण्याची सोय

आमच्या धामणगाव बढे गावातून लांब कुठं जायचं तर आधी जवळ कुठं तरी जावं लागतं. रेल्वे धरायची तर मलकापूर, तालुक्याचं काम असेल तर मोताळा, जिल्ह्याचं असेल तर मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून बुलढाणा. आम्ही घाटाखालचे. पश्चिमेला थोडं सरकलं की जळगाव जिल्हा, जामनेर-बोदवडचा मुलूख लागतो, म्हणून आमच्या बोलण्यात वऱ्हाडीही आहे आणि खानदेशीही. या गावात घर ठेवून मी बियाण्याच्या एका कंपनीचा प्रतिनिधी म्हणून विदर्भ आणि खानदेश फिरत आलो आहे. कपाशी, मका, सोयाबीन. जानेवारीपासून डीलरकडं आगाऊ बुकिंग, एप्रिल-मेमध्ये दुकानांत माल लावणं, जूनमध्ये विक्री, श्रावण-भाद्रपदात शेतावरच्या भेटी, दिवाळीच्या आगेमागे पीक पाहणी आणि त्यानंतर उरलेला माल परत घेणं नि वसुली. असं वर्ष फिरतं आणि त्याच्यासोबत मी फिरतो.

लोक विचारतात, एवढं फिरता, कंटाळा नाही येत का? माझं उत्तर ठरलेलं असतं. काय करणार, पोटासाठी करावं लागतं, घरच्यांसाठी करावं लागतं. हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं आहे की ते खरं आहे का, हे बघायचं राहूनच गेलं. माझ्यावर कोणी ठपका ठेवलेला नाही. घरातून तक्रार नाही, कंपनीकडून नाही. पण तक्रार नाही म्हणजे हिशेब जुळला असं होत नाही. म्हणून आज स्वतःच्याच मनापुढं बसून विचारतो आहे: मी फिरतो ते नक्की कोणासाठी?

आधी सुखाचं सांगतो, कारण आजवर लपवलं ते सुखच. त्रासाबद्दल मी सगळ्यांशी बोललो आहे. पाठदुखीचं, पित्ताचं, गावोगावच्या बदलत्या पाण्याचं, मोटारसायकलवर तोंडावर बसणाऱ्या मातीचं वर्णन माझ्या घरी सगळ्यांना पाठ आहे. सुखाबद्दल मात्र मी अवाक्षर काढलेलं नाही.

मलकापूरच्या फलाटावर उजाडायच्या आत उभं राहण्यात सुख आहे. विदर्भ नाही तर महाराष्ट्र एक्स्प्रेस येते, खिडकीजवळ जागा मिळते, आणि नांदुरा मागं पडून शेगाव आलं की डब्यातले निम्मे हात आपोआप जुळतात. कोणी ओळखीचं नसतं, तरी त्या एका क्षणापुरता सगळा डबा एका घरचा होतो. पुढं अकोला, बडनेरा, वर्धा. प्रत्येक गावात कुठल्या टपरीवरचा चहा चांगला, कुठल्या खानावळीत भाकरी गरम मिळते, कोणत्या डीलरकडं सकाळी जावं आणि कोणाकडं दुपारी जेवण झाल्यावर, हे मला ठाऊक आहे. नागपुरातले तर्री-पोहे, अमरावतीचा गिलावडा, जळगावकडची शेवभाजी, हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. या सगळ्या मुलुखाचा नकाशा माझ्या जिभेवर आहे. दुकानात पाऊल टाकलं की शेठ गल्ल्यामागून म्हणतात, ‘‘या साहेब, बसा.’’ पोऱ्याला चहा सांगितला जातो. चार शेतकरी बाकावर सरकून जागा करतात. मी बोलायला लागलो की ऐकतात.

आणि लॉजची खोली. दार लावून कडी घातली की पंख्याचा आवाज, पलंगावर ताणून घातलेली चादर, टेबलावर स्टीलचा जग, त्यावर पालथा ग्लास, न्हाणीत कागदात गुंडाळलेली साबणाची इवली वडी. पुढचे दोन-तीन तास मला कोणी काही मागत नाही. कोणाचं दुखत नाही, कोणाची फी भरायची नसते, कोणाचं कोणाशी बिनसलेलं नसतं. शरीर थकलेलं असतं, पण मन मोकळं. हा मोकळेपणा मला आवडतो. ‘आवडतो’ हे क्रियापद मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

व्यापारासाठी फिरणं या मुलुखाला नवं नाही. आमच्या तालुक्यातल्या रोहिणखेडला 1437 आणि 1590 साली लढाया झाल्या, त्या खानदेशातून दख्खनकडं जाणारी वाट तिथून घाट चढत होती म्हणून. सैन्य जातं त्या वाटेनं व्यापारीही जातात. मी ज्या रुळांवरून जातो तेही कापसासाठीच अंथरलेले आहेत. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडं सगळ्यांची नजर वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याच्या उद्‍घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका जिनसेसाठी एवढी माणसं, एवढं लोखंड, एवढी धावपळ. कापूस खरेदीला मुंबईहून दलाल येत, भाव करून, गाठी बांधून गाडीत बसून परत जात. शेतकरी तिथंच राहायचा, पुढच्या पावसाची वाट बघत. भाव पडला तर तो बघायला दलाल जागेवर असेलच असं नव्हतं.

इथं मला माझ्या सुखाचं मूळ दिसतं. नवी गावं, खाणंपिणं, मान हे सगळं त्याच्या भोवतीचं. मूळ सुख आहे ते निघून जाता येण्याचं. फिरत्या माणसाला प्रत्येक ठिकाणाहून निघून जाण्याची सोय असते. घरातून निघून दौऱ्यावर, गावातून निघून दुसऱ्या गावाला, दौऱ्यातून निघून घरी. कुठंच इतका मुक्काम पडत नाही की तिथलं ओझं खांद्यावर यावं. माझ्या मनापुढचा खरा प्रश्न मी किती फिरतो हा नाहीच. निघून जाताना मी मागं काय टाकून जातो, हा तो प्रश्न आहे.

घरापासून सुरुवात करतो.

मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या, 25 तारखेपासून देशभर टाळेबंदी लागली. बियाण्याला लवकरच सूट मिळाली, पण माझं काम बराच काळ फोनवरच चाललं. जे मी कायम मागत होतो, असं म्हणत होतो, ते आपोआप मिळालं: घरी राहायला. सुरुवातीचे काही दिवस बरे गेले. मग मला चैन पडेना. सकाळी लवकर जाग यायची आणि कुठं जायचं नाही हे आठवून मन खट्टू व्हायचं. घरच्यांसाठीच फिरत असतो, तर घरच्यांत बसून इतकं अस्वस्थ वाटायला नको होतं. माझ्या ठरलेल्या उत्तराला पहिला तडा तिथं गेला.

दुसरी गोष्ट त्याच दिवसांतली. मुलाला मित्राच्या शेतावर जायचं होतं. मी ओट्यावर त्याच्या समोर बसलो होतो. तो माझ्या बाजूनं आत गेला, आईला विचारलं, तिनं ‘‘दिवे लागायच्या आत ये’’ म्हटलं, आणि तो माझ्याकडं बघून हसून बाहेर पडला. त्याच्या मनात माझा अनादर नव्हता. घराची परवानगी कुठं मिळते, एवढंच त्याला माहीत होतं. शेतातल्या मजुरांचे पैसे, फवारणीचा दिवस, रात्री वीज येणार असेल तर मोटार चालू करायला कोणी जायचं, पतसंस्थेचा हप्ता, माझ्या मायच्या गोळ्या, नात्यातल्या लग्नाला किती आहेर करायचा, हे सगळं बायको बघत होती. मी घरी असताना ती मला विचारायची, पण तो मान होता, गरज नव्हती. माझ्याशिवाय घर चालावं अशी तिनं घडी बसवली होती, कारण मी नसायचो. त्या घडीत माझी जागा पाहुण्याची होती. आल्यावर गोडधोड, धुतलेले कपडे, आणि वाईट बातम्या हळूहळू, एकेक करून.

माझ्या प्रवासाचा शेवटचा टप्पा नेहमी दुसऱ्या कोणाच्या झोपेतून जातो. रात्रीच्या गाडीनं मलकापूरला उतरलो की गावाकडं एसटी नसते. मग धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन येतो. दिवसभर रानात राबलेला माणूस, थंडीत मफलर बांधून स्टेशनबाहेर उभा. टीए-डीएच्या कागदावर माझं तिकीट लागतं, लॉज लागतं, नाईट हॉल्ट लागतो. भावाची झोप लागत नाही. त्या कागदाबाबत माझं मन स्वच्छ आहे. घरी झोपून रात्रीचा मुक्काम लावण्याची वाट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, ती मी धरली नाही. पण कंपनीच्या कागदावर सचोटी ठेवणं त्यामानानं सोपं आहे. तिथं रकाने असतात, तपासणारा असतो. घराच्या कागदाला रकाने नाहीत, म्हणून तिथली बाकी वर्षानुवर्षं दिसत नाही.

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर आमच्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी निघालेली तरणी मुलं होती. रात्रभर प्रवास करायचा आणि सकाळी तोंड धुऊन कामावर जायचं, ही आमच्यासारख्यांची रोजची रीत. त्यानंतर बायकोनं एवढंच सांगितलं, ‘‘रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं येऊ नका, एक दिवस उशीर झाला तरी चालेल.’’ तोवर मला वाटायचं, तिचा ‘पोचले का?’ हा मेसेज सवयीचा आहे. त्या आठवड्यात कळलं की मी बर्थवर गाढ झोपलेला असतो तेव्हा ती जागी असते. प्रवासाचा थकवा मला येतो, धास्ती तिला. थकव्याला झोप मिळते. धास्तीला मी घरात पाऊल टाकेपर्यंत काही मिळत नाही.

तर मग ‘घरासाठी फिरतो’ हे खोटं आहे का? खोटं नाही. घराला पक्का स्लॅब पडला, मुलांची शिक्षणं चालू आहेत, कोरड्या वर्षातही कोणापुढं हात पसरावा लागला नाही, ते याच फिरण्यातून. पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे माझी आवड, आणि तिचा खर्च मी इतकी वर्षं घराच्या नावावर मांडत आलो. घरच्यांनी तो उपकार समजून मान्य केला. तुमच्यासाठी कष्ट करतो असं म्हटलं की समोरच्याला काही मागता येत नाही. आवडतं म्हणून जातो असं म्हटलं असतं, तर त्यांना निदान विचारता आलं असतं की मग आमच्या आवडीचं काय?

ज्यांना खरोखर फक्त पोटासाठी घर सोडावं लागतं, त्यांच्याशेजारी उभं राहून मी हे बोलायला हवं. त्याच 2020 मध्ये मलकापूरवरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्गानं माणसं पायी गावाकडं निघाली होती, डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर घेऊन. जालन्याहून रुळाच्या कडेनं निघालेल्या मध्य प्रदेशातल्या मजुरांना भुसावळ गाठायचं होतं, तिथून आपल्या मुलखाकडं गाडी मिळेल या आशेनं. करमाडजवळ ते थकून रुळावरच आडवे झाले, आणि 8 मे च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले 16 जण गेले. भुसावळ हे माझं नेहमीचं जंक्शन. तिथं मी गाडी बदलतो, चहा घेतो, पेपर चाळतो. त्या बातमीनंतर ‘पोटासाठी फिरतो’ हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. त्यांना निघून जाण्याची सोय नव्हती. त्यांना निघावं लागलं होतं. मला पर्याय आहे, पगार आहे, परतीचं तिकीट आहे. त्यांच्या शब्दांत मी माझं दुःख सांगू नये, एवढं तरी भान मला असायला हवं.

आता शेताकडं येतो. ही बाजू मला जास्त जड जाते.

बियाणं विकणं म्हणजे शब्द विकणं. पाकिटाच्या आत काय आहे ते दुकानात कोणालाच दिसत नाही. दिसतो तो कागदावरचा फोटो आणि कानावर पडतं ते माझं बोलणं. शेतकरी माझ्या बोलण्यावर पैसे मोजतो, आणि ते बोलणं खरं की खोटं हे चार-पाच महिन्यांनी शेतात ठरतं. तोवर मी दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या पिकाबद्दल बोलत असतो. सुतार दार बसवून जातो, पण ते लागतं की नाही हे जायच्या आधी बघून जातो. माझ्या धंद्यात ती सक्ती नाही.

बीटी कपाशी आपल्याकडं 2002 साली आली, तिची दोन जनुकांची सुधारित जात 2006 साली. सुरुवातीला बोंडअळी हटली, फवारणी कमी झाली, लोक खूश होते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग गुलाबी बोंडअळीनं या कपाशीलाही दाद देणं सोडलं, आणि 2017 च्या खरिपात विदर्भातल्या शिवारांत हाहाकार झाला. वरून हिरवंगार दिसणारं झाड, बोंडंही भरलेली. एका शेतकऱ्यानं माझ्यासमोर बोंड तोडलं, अंगठ्याच्या नखानं पाकळी उकलली. आत कापूस पिवळट, गच्च चिकटलेला, सरकी पोखरलेली, आणि तिच्याशेजारी तांदळापेक्षा थोडी मोठी, गुलाबी अळी. तो रागावला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, ‘‘भाऊ, पेरनीच्या वक्ताले तुमीच आलते ना?’’

मीच आलो होतो. त्या हंगामात मी काही खोटं बोललो नव्हतो. जे कंपनीनं सांगितलं आणि मला खरं वाटलं, तेच सांगितलं होतं. तरीही तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, कारण त्यात बियाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तो माझ्या येण्याबद्दल होता. पेरणीला आलेला माणूस मध्ये कुठं होता, हे त्याला विचारायचं होतं.

या अळीच्या बंदोबस्तात जे करायचं असतं, ते जवळजवळ सगळं विक्री उरकल्यानंतरचं आहे. जूनआधी लागवड करू नये, एवढीच एक गोष्ट आधीची. फुलं लागली की अळी पाकळ्यांना जाळं घालते, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्या डोमकळ्या. त्या वेचून नष्ट करायच्या असतात, आणि ओळखायला कोणी तरी शेतात येऊन बोटानं दाखवाव्या लागतात. कामगंध सापळे लावायचे, त्यात रोज किती पतंग सापडतात ते मोजायचं, आणि तो आकडा वाढला तरच फवारायचं. डिसेंबर संपायच्या आत कपाशी उपटून टाकायची, थोड्या बोंडांच्या आशेनं फरदड ठेवायची नाही, नाही तर अळीला पुढच्या हंगामापर्यंतचं अन्न आपणच पुरवतो. बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची. ती कपाशीच्या भोवतीनं लावायची असायची, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती लवकर तयार होत नाही. शेतकऱ्याला ती जागा वाया घालवणं वाटायचं, आणि बहुतेक पुड्या तशाच पडून राहायच्या. त्या पुडीचं कारण समजावून द्यायला वेळ लागतो. बाकावर बसून, पुन्हा पुन्हा येऊन समजवावं लागतं. दिवसाला चार गावं उरकायच्या दौऱ्यात ते बसत नाही.

म्हणजे शेताला माझी गरज जेव्हा सगळ्यात जास्त असते, तेव्हा माझ्या टूर प्रोग्रॅममधून ते गाव गेलेलं असतं. जुलैनंतरच्या भेटी असतात, पण त्या जिथं पीक जोमात आहे तिथं. फोटो काढायला, मेळावा घ्यायला, पुढच्या वर्षीचं बुकिंग वाढवायला. जिथं पीक बसलं आहे तिथं जाण्यातून काही निघत नाही. निघतात ते फक्त प्रश्न. ही रचना मी केलेली नाही. पण त्या रचनेत मला सोयीचं वाटत आलं, हे माझं आहे. पडलेल्या शेताच्या बांधावर उभं राहणं अवघड असतं, आणि गाडी पकडायची आहे हे सांगणं सोपं.

‘माझा प्रवास’ लिहिणारे गोडसे भटजी मला या बाबतीत नेहमी आठवतात. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडं निघाले, ते दक्षिणा मिळवून घरचं कर्ज फेडायला. बायजाबाई शिंद्यांनी मथुरेला मोठा यज्ञ मांडला होता, तिथं चार पैसे मिळतील ही आशा. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी हाती उरली ती गंगेची कावड. ती घेऊन ते घरी आले. तोही कामाचाच प्रवास. पण त्यांचं लिहिणं वाचताना जाणवतं की कर्जासाठी निघालेल्या या माणसाला बघण्याची किती हौस होती: नगरं, देवळं, पंगती, माणसं. ती हौस त्यांनी कर्जाआड लपवली नाही, आणि कर्जही हौसेत विसरले नाहीत. दोन्ही एकाच पुस्तकात उघडी आहेत. मला तो प्रामाणिकपणा हवा आहे. प्रवास आवडण्यात पाप नाही. तो आवडत असताना तो केवळ कर्तव्य आहे असं सांगून इतरांकडून त्याग घेत राहणं, हे मनाला टोचणारं आहे.

मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्या गावातल्या बायका माहेरी जास्त जाऊ लागल्या, बाजाराला स्वतः जाऊ लागल्या, चौघी-पाचजणी मिळून शेगावला दर्शनाला निघू लागल्या. माझी बायकोही एकदा बायकांबरोबर पंढरपूरला गेली. घर माझ्याकडं होतं. मायच्या गोळ्यांच्या वेळा, दुधाचा हिशेब, दाराशी आलेला मजूर, आणि रात्री ‘पोचली का?’ हे मी विचारायचं. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण दौऱ्यावरून येताना तेच मी माझ्या चेहऱ्यावरून पुसून घरात शिरतो आणि थकलो म्हणून बसतो. ती मात्र मनमोकळी म्हणाली, ‘‘खूप छान वाटलं. कोणाला काही द्यायचं नव्हतं, कोणी हाक मारत नव्हतं.’’ लॉजच्या खोलीत मला जे मिळतं, ते तिला एवढ्या वर्षांनी अर्ध्या तिकिटात मिळालं होतं. आणि मला ते वर्षभर, पगारासकट मिळत होतं.

या सगळ्यातून मी माझ्यापुरतं काही ठरवलं आहे. नोकरी सोडणार नाही, फिरणं थांबवणार नाही. त्या मुलुखावर, त्या माणसांवर माझा जीव आहे, हे आता उघड म्हणतो. पण घरी पुन्हा ‘तुमच्यासाठी करतो’ असं म्हणणार नाही. ‘काम आहे आणि मला ते आवडतं’ असं म्हणेन, आणि मग त्यांना जे मागायचं असेल ते ऐकून घेईन. महिन्याचा टूर प्रोग्रॅम कंपनीला पाठवण्याआधी बायकोसमोर ठेवेन. पोळा आणि मायची तपासणी या तारखा आधी लिहायच्या, दौरा त्याच्या भोवती. तिला वर्षातून काही दिवस असेच कुठं तरी जायचे असतील, तेव्हा मी गावात असेन, घर भावाच्या किंवा मायच्या भरवशावर टाकणार नाही.

आणि शेतांबाबत: ज्या गावात जूनमध्ये शब्द दिला, त्या गावात डोमकळीच्या दिवसांत एकदा आणि कपाशी उपटायच्या वेळी एकदा जायचं. सगळ्या गावांत जमणार नाही. जिथं पीक बसलं आहे तिथून सुरुवात करायची. कंपनीच्या रचनेत या फेरीला भत्ता नाही, म्हणून तो खर्च माझा. माझ्या आवडीच्या रस्त्यावर मी आजवर इतरांचं पुष्कळ खर्चलं आहे, थोडं माझं खर्चायला हरकत नाही. माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नसलं तरी चालेल. शेतकऱ्यानं बोलावं आणि मी उभं राहून ऐकावं, एवढं तरी घडायला हवं.

हे माझ्याच्यानं होईल का, ते आज सांगता येत नाही. ठरवणं लॉजच्या खोलीतही सोपं असतं. कसोटी डिसेंबरात लागेल. वर्षाचं टार्गेट झालेलं असेल, नव्या बुकिंगची तयारी सुरू झालेली असेल, वरिष्ठांचे फोन येत असतील, आणि ज्या शिवारात माझी कोणीही वाट बघत नाही तिथं मला आपणहून जायचं असेल. त्या दिवशी मी गेलो, तरच आज मनापुढं मांडलेला हा हिशेब खरा.